साइडबोर्ड विकला, क्राग आणली

वाल्ड्रेस, १४ एप्रिल

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. तुझं पत्र आणि सोबतचा पडद्याच्या कापडाचा तुकडा मिळाला. रंग छान आहे. इथे सावलीत अजून बर्फ आहे, पण रस्ता सुकलाय आणि कोंबड्या पुन्हा अंडी द्यायला लागल्यात. गुडघा बरा आहे. तुझं कानाचं नवं यंत्र कसं आहे? फोनवर तू "हो, हो" म्हणतेस तेव्हा तुला काहीच ऐकू आलेलं नसतं हे मला कळतं, म्हणून पत्रच बरं.

तुझ्या शेजारी राहायला यायचं म्हणून तू सांगितल्याप्रमाणे सामान कमी करायला घेतलंय. सुरुवात सासूबाईंच्या भांड्यांच्या कपाटापासून, त्या साइडबोर्डपासून केली. शनिवारी तो लिलावाला पोचवला, आणि कोण घेतंय ते बघायला तिथेच बसले. घरी जाऊन तरी काय करायचं होतं?

आता पुढचं वाच, पण आधी बस.

लिलाववाल्याच्या पोराने माझ्या साइडबोर्डवर एक जुनी लष्करी बंदूक आणून ठेवली. ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून. क्राग. आपल्या लहानपणी जिकडेतिकडे दिसायची तीच, लांब नळीची. लाकूड काळपट पडलेलं, पण अंगाने सरळ. ऑस्लोहून आलेला एक कॅफेवाला बोली लावत होता. माझ्या शेजारी बसला होता म्हणून मी सहज विचारलं, "नेम धरता का तुम्ही?" तर म्हणाला, "छे हो! मी हिचा दिवा करणार. नळीतून वायर घालायची आणि वर चामड्याची शेड."

ताई, माझा हात वर गेला. मी वर केला नाही, तो गेला. कॅफेवाल्याने बोली वाढवली, माझा हात पुन्हा वर. शेवटी तो म्हणाला, "आजी, तुम्ही हिचं करणार काय?" मी म्हटलं, "दिवा तर नक्कीच नाही." सगळे हसले आणि हातोडा पडला. साइडबोर्डचे आले ते बंदुकीत गेले, वर थोडे घालावे लागले.

परवाना येईपर्यंत ती लिलाववाल्याच्याच कुलपात आहे. अर्ज द्यायला पोलीस ठाण्यात गेले, तर खुर्चीत थेआ. मी शाळेची बस चालवायचे तेव्हा प्रत्येक वळणाला ओकायची ती. केवढी झालीये! गंभीर चेहऱ्याने विचारते, "सिग्रूनकाकू, शस्त्र कशासाठी हवंय?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी कागदी पिशव्या बाळगत होते, तेव्हा विचारलं होतंस का कशासाठी?" ती हसली, पण नियम म्हणजे नियम. आधी नेमबाजी मंडळाचं सभासद व्हा, सुरक्षेचा वर्ग करा, मग परवाना. तर मी सभासद झालेय. सहासष्टाव्या वर्षी!

घर विकायच्या जाहिरातीसाठी खोल्यांची मापं विचारली होतीस. टेप कुठे ठेवलीये ती सापडत नाही. नंतर कळवते.

तुझी,
सिग्रून


वाल्ड्रेस, ९ जून

प्रिय ताई,

तुझं रागाचं पत्र पोचलं. आधी विचारलेल्याची उत्तरं देते. नाही, वेड लागलेलं नाही. नाही, गोळ्या आणि बंदूक एकत्र ठेवत नाही. आणि पोस्टातल्या बाईने तुझ्या मैत्रिणीला ज्याच्याबद्दल सांगितलं, तो माणूस माझा "कोणी" वगैरे नाही. तो आस्बियोर्न. दातांचा डॉक्टर होता, आता निवृत्त. मंडळातल्या जुन्या बंदुका तोच तपासतो. त्याची बायको हिल्ड मंडळासाठी वॅफल करते आणि त्या तुझ्यापेक्षा चांगल्या होतात. झालं समाधान?

बंदूक घरी आली ताई! पण चालवायच्या आधी ती कुणाला तरी दाखवायची असते, हे मला वर्गात कळलं. शंभर वर्षांच्या वर वय; आत काय झालंय ते बाहेरून समजत नाही. आस्बियोर्नने नळीमागचा सरकता बोल्ट काढला, उजेडाकडे नळी धरली, आणि खिशातून काय काढलं असेल? दातांचा तो छोटा गोल आरसा! आत बघत राहिला, आणि मी खरंच खुर्चीत बसलेल्या पेशंटसारखी घाबरून उभी.

"किडलीये थोडी," म्हणाला.

"म्हणजे गेली?"

"छे! नळीतल्या खाचा मजबूत आहेत, गोळी सरळ जाईल. कुणीतरी बरीच वर्षं घासायचा कंटाळा केलाय, एवढंच. माझे सगळे पेशंट असेच होते."

मग त्याने शिकवलं. साफ करायचा गज नेहमी मागून घालायचा, तोंडाकडून नाही, नाहीतर नळीची कड झिजते आणि नेम बिघडतो. आधी ओली चिंधी, मग ब्रश, मग कोरड्या चिंध्या, त्या पांढऱ्या निघेपर्यंत. शेवटी तेलाचा एक हात, पण बारीक. आणि चालवायच्या आधी ते तेल पुसून काढायचं.

मी मात्र शहाणपणा करायला निघाले होते. म्हटलं, लाकूड काळं दिसतंय, पॉलिश पेपर मारून वॉर्निश देऊ, लख्ख होईल. पेपर हातात घेतला आणि आस्बियोर्न दारात. असा ओरडला की कोंबड्या उडाल्या. "सिग्रून! खाली ठेव तो पेपर! कुणाच्या तोंडावरच्या सुरकुत्या घासून काढतात का?" लाकडावर छोटे छोटे शिक्के आहेत, कोंग्सबर्गच्या बंदूक कारखान्याचा मुकुट आणि आकडे, तेच तिचं मोल. घासले की ते गेलेच. जवसाच्या तेलाचे दोन थेंब तळहातावर घ्यायचे आणि हात गरम होईपर्यंत चोळत राहायचं, बस. मी रोज संध्याकाळी थोडं करते. काळपट होता तो रंग आता आतून लालसर येतोय. आयविन् वारला, नवऱ्याची खुर्ची रिकामी झाली, तेव्हापासून माझ्या संध्याकाळी कशा जात होत्या ते तुला माहीत आहे. आता सहा कधी वाजतात याची वाट बघते.

मी त्याला विचारलं, हिने कुणाला मारलं असेल का? तो चिंधीची घडी घालत म्हणाला, "ठाऊक नाही. कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस, किंमत वाढवायला सांगत असतील." मला ते उत्तर आवडलं.

आता पहिल्यांदा चालवली त्या दिवसाचं. या बंदुकीला उजव्या कुशीत एक झाकण असतं. ते उघडायचं, गोळ्या नुसत्या आत सोडायच्या, डब्यात शेंगदाणे टाकावेत तशा, आणि झाकण लावायचं. बोल्ट इतका अलगद सरकतो की मी दोनदा उगाच मागेपुढे केला. धक्का म्हणशील तर शेजारणीने गमतीत कोपर मारावं तेवढा. पहिली गोळी कुठे गेली ते देवाला माहीत. तिसरी कागदाला लागली. कागदाला, ताई! मी उठून नाचले, आणि मैदानावर उठायचं नसतं म्हणून बोलणी खाल्ली.

कायद्याने लोखंडी कपाट लागतं आणि ते भिंतीला पक्कं करावं लागतं. मंडळातले चौघे आले. भिंतीला भोकं पाडायच्या आधी त्यातला एक म्हणाला, "पण तू तर शरद ऋतूत बर्गनला बहिणीकडे जाणार ना? घर विकणार म्हणतात." मी म्हटलं, "कॉफी गार होतेय, आधी ती घ्या." मग त्यांनी भोकं पाडली. कपाट आता हलत नाही.

हिवाळ्यात बुधवारचा बंदुका साफ करायचा वर्ग माझ्याच स्वयंपाकघरात भरवायचं ठरतंय, मंडळाची खोली फार थंड पडते ना.

वरचं वाक्य वाचून तू काय म्हणशील ते कळतंय. ते खोडणार होते. पण शाईने लिहिलंय, राहू दे.

तुझी,
सिग्रून


वाल्ड्रेस, ३० ऑगस्ट

प्रिय ताई,

नीट पोचलीस ना? बसमध्ये डोंगराच्या बाजूला बसलीस की दरीच्या? चीज पिशवीतच विसरू नकोस, वास येईल.

तू न कळवता आलीस, तेही नेमकी क्रागच्या स्पर्धेच्या दिवशी, याचा मला इतका आनंद झाला की नेम धरताना डोळ्यांतून पाणी येत होतं. निकाल खराब का आला ते आता तुला कळलं. (तरी शेवटून दुसरी आले! माझ्या मागे जो होता तो चष्मा घरी विसरून आला होता, पण ते निकालात लिहीत नाहीत.) आणि ताई, मैदानावर सगळे श्वास रोखून बसलेले असताना तू यंत्र बंद करून जे ओरडलीस, "लागली का गं? मला काही ऐकूच आलं नाही!" ते आता मंडळात म्हणीसारखं झालंय. काल दुकानात एकाने मला तेच विचारलं. हिल्डच्या पाच वॅफल खाल्ल्यास हेही गावाला माहीत आहे.

आता त्या संध्याकाळचं.

आपण पायरीवर बसून बंदूक साफ करत होतो. तू चिंध्या कापून देत होतीस, मी गज चालवत होते. तू म्हणालीस, "सिग्रून, तू येणार नाहीस ना?"

मी म्हटलं, "नळीत अजून काळं आहे."

"मी नळीचं विचारत नाहीये."

आणि मी पुढची चिंधी मागितली. तू दिलीस. पुढे काही बोलली नाहीस, आणि सकाळच्या बसने गेलीस. फाटकापाशी मला जवळ घेतलंस तेही नेहमीसारखंच. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

ताई, मी येणार नाही.

लिहिलं. हात थांबला नाही.

नाताळात मी "हो" म्हटलं ते खोटं नव्हतं. तेव्हा या घरात शिरताना मला भीती वाटायची. आयविन्चे बूट दाराशी होते आणि ते हलवायचे की नाही याच्यापुढे दिवस सरकत नव्हता. तू म्हणालीस, शेजारचं घर रिकामं होतंय, मी तुझ्यासाठी सांगून ठेवते. बुडत्याला कुणी हात दिला की तो विचारत नाही हा हात कुठे नेतोय. मी धरला. तो हात नसता तर मी वसंतापर्यंत पोचले नसते, हे कधी विसरू नकोस.

पण वसंत आला, आणि माझ्या दारावर माणसं यायला लागली. बंदुकीमुळे, खरं, पण बंदूक हे निमित्त. तेल संपलं म्हणून कुणी येतं, गज मागायला कुणी, नुसतं बसायला कुणी. तीस वर्षं मी यांची पोरं शाळेत पोचवली आणि एकाच्याही घरात पाय टाकला नव्हता. बस चालवणाऱ्या बाईला सगळे हात हलवतात, आत कुणी बोलवत नाही. आता मी कुणाच्या घरी गेले तर कप कुठल्या फळीवर आहेत ते मला ठाऊक असतं. हे मला मिळालं, आणि मिळाल्यावर सोडवेना.

एप्रिलपासून मला हे माहीत होतं. तुला मात्र कोंबड्या, गुडघा, दातांचा आरसा, जे सुचेल ते लिहीत राहिले. कारण एक गोष्ट मला नाताळातच दिसली होती. तुझ्याकडे दोन खोल्यांत दोन रेडिओ चालू होते, आणि तुला त्यातलं धड काही ऐकू येत नाही. ते घर तू माझ्यासाठी धरलं नव्हतंस, ताई. निदान फक्त माझ्यासाठी नाही. म्हणून "नाही" म्हणायला माझी जीभ उचलत नव्हती. तू एकटी पडशील आणि मी इकडे वॅफल खात बसेन, हे चित्र मला बघवत नव्हतं.

अजूनही बघवत नाही. पण तुझ्या बाजूच्या घरात उदास बसून मी तुझा एकटेपणा कमी केला नसता. आपण दोघी मिळून चार रेडिओ लावले असते.

राग आला तर लिही. न लिहिलंस तर तो जास्त आलाय असं समजेन.

तुझीच,
सिग्रून


वाल्ड्रेस, १७ सप्टेंबर

ताई,

दोन आठवडे टपालपेटीपर्यंत रोज जाऊन येत होते. पोस्टवाली म्हणाली, "काकू, मी येताना ओरडेन, तुम्ही चालू नका." आज ती खरंच ओरडली.

तुझं सगळं पत्र मी तिला तिथेच उभ्या उभ्या वाचून दाखवलं, कारण होतंच केवढं! "फार रागावले आहे. शेजारचं घर दिलं एका ट्रम्पेट वाजवणाऱ्या विधुराला. मला त्याचा ट्रम्पेट ऐकू येतो! यंत्राशिवाय! पण तुझ्यावर पत्रातून नीट रागावता येत नाही. शुक्रवारच्या बसने येतेय. समोर बसून रागवायचं आहे. किती दिवस लागतील सांगता येत नाही."

मी हसले, मग पोस्टवालीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, मग दोघी हसलो. तिला उशीर झाला, बाकीच्यांची पत्रं आज संध्याकाळी पोचतील.

ये. माडीवरची खोली झाडून ठेवलीये, गादी उन्हात टाकलीये. हवं तितकं रागाव. सकाळी रागाव, दुपारी जेवून पुन्हा रागाव. मी सगळं ऐकेन, मधेच कॉफीचं काढणार नाही. बर्फ पडायला लागला आणि तुझा राग संपला नाही, तर उगाच घाई करून संपवू नकोस.

तुझीच, आणि इथलीच,
सिग्रून