पडद्यावर थांबलेला हात

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ जानेवारी २००९

चि. दीक्षास, जयभीम आणि मनापासून आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. सुट्टीत तू बसवून दिलेला वायफायचा डबा मात्र बरा नाही. रोज दुपारी त्याचे लुकलुकणारे दिवे गोठतात आणि पडद्यावर तुझा उचललेला हात तसाच वर राहतो. तुझी आई तो खाली यायची वाट बघत बसायची. जन्मापासून ऐकू येत नाही, फोन तिच्या काय कामाचा? हैदराबादेत लेक हातवारे करते आणि इथं आपल्याला सगळं कळतं, याचं तिला केवढं अप्रूप होतं! आता ती लॅपटॉपसमोर बसतच नाही. मला खुणेनं विचारत होती, की पोरगी रागावली हाय का माझ्यावर, बोलता बोलता हात का थांबवती. मी समजावलं, पण पटलं न्हाय तिला.

समोरच्या इमारतीत कॉम्प्युटर क्लास निघालाय. तो उघडला, की आपला डबा गेलाच म्हणून समज. शेजारच्या बायडाबाई म्हणतात, की त्यांनीच मुद्दाम केलंय, जाऊन चांगलं झाडा की. जाऊ काय?

जावईबापू प्रसेनजीतरावांना जयभीम. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझे दादा


हैदराबाद
२४ जानेवारी २००९

ती. दादांना, सविनय जयभीम.

भांडायला जाऊ नका. मी तसलाच डबा आणून ऑफिसात टेबलावर मांडला. वायफायवर यायच्या आधी प्रत्येक कॉम्प्युटर हवेतून आपली ओळख सांगून आत येऊ का म्हणून विचारतो. पासवर्डची पाळी त्यानंतर. ती ओळख किती अक्षरांची, हा आकडाही त्यात असतो; तो चुकीचा लिहून मी एकच निरोप पाठवला. दादा, डबा जागच्या जागी गार! मी त्याला बोटही लावलं नव्हतं. एवढी वर्षं नेटवर्कच्या कामात आहे, तरी अंगावर काटा आला. एवढीशी चूक भिंतीतून आरपार जाते आणि माझी आई माझ्यापासून तोडते.

क्लासमधल्या एखाद्या कॉम्प्युटरचं वायफाय कार्ड बिघडलेलं असणार. त्यांना पत्ताही नसेल. पण वाकड्या बुद्धीचा माणूस हेच मुद्दाम करू शकतो, म्हणून डब्याच्या कंपनीला सगळं कळवलंय. तोवर डब्याचं वायरलेस बंद ठेवा आणि लॅपटॉप वायरीनं जोडा. म्हणजे डबा हवेतलं काही ऐकणारच नाही. आणि आईला सांगा, हात मी थांबवला नव्हता.

आपल्या तब्येतीला जपा, माझ्यावरचा जीव असाच ठेवा.
आपली दीक्षा


हैदराबाद
२ मार्च २००९

ती. दादांना, सविनय जयभीम.

आई पुन्हा दिसली, पोट भरलं. पण वायर बाहेरच्या खोलीपुरतीच. येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर ती आवरून बसते, जेवलीस का एवढंच विचारते. मला तिच्याशी निवांत बोलायचंय.

कंपनीनं चूक मान्य करून सगळ्या गिऱ्हाइकांसाठी दुरुस्ती काढली आहे. सोबतच्या सीडीत ती आहे, कशी घालायची तेही लिहिलंय. डब्याचा कारखान्यातून आलेला पासवर्डही बदला. एकच सांभाळा: दुरुस्ती आत जात असताना वीज गेली तर डबा कायमचा संपेल. लोडशेडिंग उरकल्यावरच हात घाला.

तुमच्या आशीर्वादावर माझा हक्क आहे, तो राहू द्या.
आपली दीक्षा


राजारामपुरी, कोल्हापूर
११ मार्च २००९

चि. दीक्षास, जयभीम आणि भरभरून आशीर्वाद.

काल वीज आल्या आल्या बसलो. मधेच डब्याचे सगळे दिवे विझले. तुझ्या आईनं माझं मनगट असं धरलं, की बांगड्या रुतल्या. मग एक दिवा लागला, मागोमाग दुसरा. दुपारी क्लास उघडला. आम्ही दोघं डब्याकडं बघत उभे. एक दिवा थांबला न्हाय! आमच्या दुपारच्या भानगडीपायी कुठल्या कुठल्या मुलखातल्या घरांचे डबे आता शहाणे होतील, हे डोक्यात मावंना झालंय बघ.

नंतर ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. बाहेर आली ती डोळे पुसत, पण हसत. आजवर तुझी कुठलीही मोठी बातमी आधी मला कळायची, मग माझ्या हातांनी तिच्यापर्यंत जायची. काल पहिल्यांदा तिला माझ्याआधी काहीतरी कळलंय. आज सकाळी काय ते विचारलं, तर बाईसाहेबांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. अजून बाहेर काढलेले न्हाईत.

दोघं जिवाला जपून राहा, एवढंच मागणं.
तुझे दादा