न दिसणारी सुधारणा कानांनी तपासण्याबाबत

प्रति,
मा. परीक्षा अधिकारी,
शिक्षण कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : वार्षिक परीक्षेचे पेपर लेखनिकाऐवजी स्वतः संगणकावर लिहिण्याची परवानगी मिळण्याबाबत, व त्यासाठी संगणकात झालेली सुधारणा डोळ्यांनी न तपासता कानांनी तपासली जाण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची तीन पत्रे. (प्रत्येक पत्रात आधीच्या पत्राचा संदर्भ आहे. पहिल्या पत्रात कशाचाच नाही.)

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही दहावी ब मध्ये शिकणारी विद्यार्थिनी आहे. मराठीच्या सरांनी बजावले आहे की कार्यालयीन अर्जात सारखे 'मी मी' करू नये, बरे दिसत नाही. सबब या अर्जात अर्जदार स्वतःबद्दल शेजारणीबद्दल बोलावे तशी बोलणार आहे. अर्जदाराला जन्मापासून दिसत नाही. त्याबाबत तिची काही तक्रार नाही, आणि तो विषय आपल्या कार्यालयाच्या अखत्यारीतही येत नाही. अर्जदार संगणकावर लिहिते. संगणकातला स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम पडद्यावर जे असेल ते तिच्या कानात वाचून दाखवतो. ती ऐकते, टाइप करते, चुकली की खोडते. वर्गात तिला सगळे 'रेडिओ' म्हणतात, पण त्याचा संगणकाशी काही संबंध नाही.

२. नियमानुसार अर्जदाराला लेखनिक मिळतो, म्हणजे ती सांगणार आणि एक इयत्ता खालची विद्यार्थिनी लिहिणार. गेल्या वर्षी सहामाहीला नियमात बसणारी दुसरी कुणी न मिळाल्याने अर्जदाराची मामेबहीण बसली. मुलगी गुणी आहे, अक्षर मोत्यासारखे आहे असे सगळे म्हणतात. परंतु इतिहासाच्या पेपरात तिने अर्जदाराला सांगितले, "ताई, असं नसतं गं, आमच्या बाईंनी वेगळं शिकवलंय," आणि तिच्या बाईंचे उत्तर लिहून टाकले. भूगोलात म्हणाली, "एवढं सगळं? हात मोडला माझा. थोडक्यात सांग ना!" इथवर अर्जदाराने मन मोठे ठेवले. कडेलोट झाला तो मराठीच्या पेपरात. निबंधाला विषय आला 'माझ्या नात्यातील एक विनोदी व्यक्ती'. अर्जदाराच्या नात्यात विनोदी व्यक्ती एकच, ती म्हणजे मामी. मामी दुकानात शिरली की दुकानदार आत जाऊन पाणी पिऊन येतो, अशी अर्जदाराने झोकात सुरुवात केली. लेखनिकेने पेन खाली ठेवले. "माझ्या आईबद्दल मी हे लिहिणार नाही हं! लाज वाटते का तुला?" अर्जदार म्हणाली, हा माझा पेपर आहे. लेखनिका म्हणाली, ही माझी आई आहे. दोघींचेही म्हणणे खरे असल्याने पर्यवेक्षक बाईंना निवाडा करता येईना. "गप्प बसा दोघी, नाहीतर दोघींना बाहेर काढीन," एवढे त्या बोलल्या. शेवटी पेपरात गेले ते असे : 'माझी मामी खूप प्रेमळ आहे. ती सर्वांची काळजी घेते.' सरांनी शेरा मारला, 'निबंध नीरस.' तो शेरा अर्जदाराला अजून जेवताना आठवतो. मामीला मात्र निबंध फार आवडला.

३. म्हणून अर्जदाराने ठरवले की यापुढे आपले आपण लिहायचे. शाळेच्या संगणक कक्षात जे ऑफिस सॉफ्टवेअर आहे ते फुकट मिळते. जगभरची माणसे आपापली नोकरी सांभाळून, फावल्या वेळात, एक पैसा न घेता ते बनवतात. त्याच्या आत काय आहे ते कुणालाही उघडून बघता येते, आणि काही बिघडले तर कुणालाही तक्रार नोंदवता येते. अर्जदाराला तक्रारी नोंदवायला आवडते, हे आपल्या कार्यालयाच्या ध्यानात आलेच असेल.

त्यातला दोष असा होता की साधा मजकूर स्क्रीन रीडर छान वाचायचा. पण तक्ता आला की त्याची दातखीळ बसायची. आपण कोणत्या रकान्यात आहोत, कोणत्या ओळीत आहोत, काही सांगायचा नाही. नुसते 'रिकामं', 'रिकामं', 'रिकामं'. आणि आपण जाणताच, 'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न तक्त्याशिवाय लिहिला तर बाई अर्धे गुण कापतात. घटक चाचणीत अर्जदाराने धातू आणि अधातू यांतला फरक लिहिला. वाटेत कुठेतरी एक चौकट निसटली आणि तिथून खाली सगळा संसार उलटा झाला. विज्ञानाच्या बाईंनी भर वर्गात विचारले, "अगं, तुझ्या पेपरात सोनं ठिसूळ आणि कोळसा चकाकतोय! दागिने कशाचे करायचे आम्ही?" वर्ग हसला. अर्जदारही हसली, पण शून्य ते शून्यच.

४. अर्जदाराने त्या स्वयंसेवकांच्या तक्रारपानावर इंग्रजीत (शब्दकोश मांडीवर, भाऊ शेजारी) तक्रार लिहिली. उत्तर आले एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या दादाचे. तो दिवसा लिफ्टा दुरुस्त करतो, उरलेल्या वेळात हे सॉफ्टवेअर. त्याने आधी लिहिले : पडद्याचा फोटो पाठव. अर्जदाराने कळवले, "दादा, गप्प बसण्याचा फोटो कसा काढतात?" पुढे काही दिवस त्याच्याकडूनही 'रिकामं' आले. मग त्याने लिहिले की, त्याने स्वतःचा मॉनिटर बंद केला, कानाला हेडफोन लावला आणि बायकोने सांगितलेल्या किराणा सामानाचा तक्ता करायला बसला. साबणापुढे किती किलो आणि तांदळापुढे किती वड्या, याचा घोळ होऊन घरात चांगलेच वाजले. "आमच्या साध्या लिफ्टसुद्धा मजला सांगतात," त्याने लिहिले, "मग तक्त्याने रकाना सांगायला काय हरकत आहे?" आणि त्याने ते दुरुस्त केले. आणखी दोघातिघांनी तपासले, आणि नव्या आवृत्तीत ती दुरुस्ती आली. आता अर्जदार तक्त्यात शिरली की कानात स्पष्ट ऐकू येते : 'ओळ तीन, रकाना दोन, अधातू, रिकामं.' सोने आता सोन्याच्या जागी बसते.

५. नवी आवृत्ती शाळेत बसवायची म्हटल्यावर संगणकाचे सर म्हणाले, "चालतंय ना? मग चालत्या गाडीला खीळ कशाला?" मोठ्या बाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावून काय सांगितले ते अर्जदाराला ठाऊक नाही, पण सर बाहेर आले ते थेट खुर्चीवर बसून आवृत्ती बदलू लागले. त्यानंतर अर्जदाराने आपल्याकडे परवानगी मागितली, व आपल्या कार्यालयाने पहिल्या पत्राने, सुधारणा खरोखर झाली आहे काय, याची तपासणी लावली. तपासणी रास्त आहे. ती कशी झाली, तेवढे कृपया ऐकावे.

पहिले तपासणीस साहेब कक्षात आले तेव्हा संगणक नेमका अर्जदाराचा धडा वाचत होता. साहेब म्हणाले, "अहो, हे काय बडबडतंय? आधी याचं तोंड बंद करा, डोकं उठलं." सरांनी तत्परतेने आवाज बंद केला. साहेबांनी चष्मा लावला, पडद्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "कुठंय सुधारणा?" अर्जदार नम्रपणे म्हणाली, "साहेब, ती आत्ताच तुम्ही बंद केलीत." सरांना एकदम ठसका लागला. अहवालात आले : 'पडद्यावर कोणताही बदल आढळून आला नाही.'

दुसऱ्या खेपेस एक मॅडम आल्या. त्यांनी जुन्या पडद्याचा फोटो आणला होता. तो नव्या पडद्याशेजारी धरून त्यांनी वरपासून खालपर्यंत मेळ घातला. अर्जदाराने हेडफोन पुढे केला, मॅडम म्हणाल्या, "नको गं बाळ, कालच केस धुतलेत." जाताजाता मात्र त्यांना अक्षर किंचित ठळक झाल्यासारखे वाटले. अहवाल : 'अंशतः सुधारणा.' सर सांगतात की मॅडमच्या चष्म्याचा नंबर त्याच आठवड्यात बदलला होता.

मग आपले दुसरे पत्र आले : 'सुधारणेची साक्षांकित छापील प्रत सादर करावी.' आज्ञेप्रमाणे अर्जदाराने एकच तक्ता जुन्या (ती कक्षातल्या एका संगणकावर अजून आहे) आणि नव्या, दोन्ही आवृत्त्यांत छापून घेतला. दोन्ही कागद हुबेहूब सारखे. मोठ्या बाईंनी दोन्हींवर सही-शिक्का मारला आणि म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मी कधी शांततेवर शिक्का मारला नव्हता." उलट टपाली तिसरे पत्र आले : 'एकाच कागदाच्या दोन प्रती जोडल्याचे निदर्शनास आल्याने जादा प्रत परत करण्यात येत आहे.' परत आलेली प्रत जुन्या आवृत्तीची की नव्या, हे अर्जदाराच्या आईला, भावाला, मोठ्या बाईंना, कुणाकुणालाही सांगता आलेले नाही. आपल्या कार्यालयात जी राहिली आहे ती नव्या आवृत्तीची असावी, अशी आशा आहे.

त्याच पत्रात शेवटी लिहिले आहे की, सुधारणा सिद्ध न झाल्याने लेखनिकाची व्यवस्था कायम राहील, व लेखनिकाचे नाव या महिन्याच्या आत न कळवल्यास कार्यालय नेमेल ती व्यक्ती स्वीकारावी लागेल. आईने ते वाचून दाखवले आणि म्हणाली, "जाऊ दे गं. एक वर्षाचा तर प्रश्न आहे. कशाला साहेबांच्या डोळ्यांवर येतेस?" अर्जदाराने सांगितले की साहेबांच्या डोळ्यांशी आपले काही भांडणच नाही. आपल्याला त्यांचे कान हवे आहेत.

६. तरी विनंती की, आपण स्वतः एकदा संगणक कक्षात यावे. अर्जदाराच्या खुर्चीवर बसावे. मॉनिटर बंद राहील. त्याचे बटण कुठे आहे ते सरांना माहीत आहे. हेडफोन लावून आपण जुन्या आवृत्तीत एक तक्ता भरावा, मग नव्या आवृत्तीत तोच भरावा. विषय आपल्या आवडीचा घ्यावा. कार्यालयातील हजर व रजेवरचे कर्मचारी असा घेतलात तरी चालेल, फक्त जुन्या आवृत्तीतल्या तक्त्यावरून कुणाची रजा कापू नये. एवढे करूनही फरक कळला नाही, तर अर्जदार मामेबहिणीचे नाव त्याच दिवशी लिहून देईल, आणि वर्षभर मामीबद्दल चांगलेच बोलेल.

७. आणि अर्जदाराच्या हातून चुका होणार नाहीत, असे तिचे मुळीच म्हणणे नाही. ऱ्हस्व-दीर्घ तिचे कच्चे आहे. सनावळ्या तर ती अंदाजाने सांगते. पण आजवर तिच्या पेपरातल्या चुकाही दुसऱ्याच्या अक्षरात आणि दुसऱ्याच्या मर्जीने झाल्या. बरोबर उत्तर लिहिले की लोक म्हणतात, लेखनिक हुशार होती. चुकले की म्हणतात, बिचारीला दिसत नाही ना. मधल्यामध्ये अर्जदार कुठे बसली होती, हे कुणी विचारत नाही. या वर्षी तिला तिचे स्वतःचे गुण हवे आहेत, आणि जे कापले जातील तेही स्वतःचेच हवेत. शेरा 'नीरस' मिळणार असेल तर तो तिच्या शब्दांना मिळावा. तो मिळणार नाही, ही गोष्ट वेगळी.

आपल्या येण्याकडे कान लावून बसलेली,

(सही, सरळ रेषेत आली असल्यास)
अर्जदार,
दहावी ब, खिडकीकडचा पहिला बाक.
दिनांक : ९ डिसेंबर

सोबत :
१. परत आलेली जादा प्रत. (आता ती आपणच ठेवावी, आमच्याकडे दोन्हींपैकी कुठली तेच कळत नाही.)
२. लिफ्टवाल्या दादाचे पत्र, भावाने केलेल्या मराठी भाषांतरासह. किराणा सामानाचा तक्ता त्यात आहे.
३. हेडफोन, एक. कृपया त्यास टाचणी मारू नये. आपले ऐकून झाले की परत पाठवावा. अर्जदाराला तो पेपराला लागेल.