उसनी आणलेली मोजणीबाई

अहो,

तुमची मोजणीबाई आज दुपारी मी उसनी आणली. उद्या सकाळी परत द्यायची आहे. ती घरात आहे तोवर लिहून काढते.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळी ती पडवीतल्या टेबलावर उभी होती. पोट म्हणून पितळी कळशी, चेहरा म्हणून पिठाची चाळण, डोक्यावर रोवळी, दोन पळ्यांचे हात. सगळं सुतळीने बांधलेलं. खिळा नाही, तार नाही, डिंक नाही. हा तुमचा नियम पोफळीच्या कॉलनीतला, आपला नितीन लहान होता, जेवायला त्रास द्यायचा आणि तुम्ही भांड्यांची माणसं करून त्याला गोष्टी सांगायचात तेव्हाचा. वस्तूला भोक पाडायचं नाही. गोष्ट संपली की सुतळी सोडायची, वस्तू धुवायची, मांडणीवर परत.

मी एकदा म्हटलं होतं, एक तरी तशीच ठेवू या. तुम्ही म्हणालात, "मग आमटी कशाने वाढशील?" फोटोसुद्धा काढू दिला नाहीत. का हो? एका फोटोने काय बिघडणार होतं?

तुमच्या गोष्टीत ही बाई कातळावर जमीन मोजायला आली होती. ती दिवसभर मोजायची आणि रात्री जमीन हातभर सरकायची. सकाळी पुन्हा पहिल्यापासून. गावातलं कोणी तिला काही सांगत नव्हतं, कारण सरकलेली जमीन कुणाच्या ना कुणाच्या कुंपणात येत होती. मी विचारलं, ही आली कुठून, हिच्या घरी कोण असतं? वर्गात विचारायचे तसंच विचारलं. तुम्ही म्हणालात, "मास्तरीणबाई, तिला कळशी आहे. अजून काय पाहिजे?"

त्या संध्याकाळी तिने चपला काढल्या. चपला म्हणजे सोऱ्याच्या दोन चकत्या. तुम्ही त्या तिच्या पायांशी होत्या तिथून उचलून बाजूला ठेवल्यात. का काढल्या, मी विचारलं. "उद्या," म्हणालात आणि पंखा लावायला उठलात.

सकाळी तुम्ही उठला नाहीत.

मला रडू आलं नाही. आलेले लोक वाट बघत होते. मीही बघितली. नितीनने सगळं केलं. तेराव्याला मी आतल्या खोलीत बसून होते. बाहेर दानं चालली होती. छत्री, चपला, तांब्या, असं एकेक ऐकू येत होतं. कळशीही ऐकली. कुठली कळशी, असं मनात आलं नाही.

पाहुणे पांगल्यावर पडवीत गेले. टेबलावर दोन चकत्या होत्या. बाई नव्हती.

शेजारच्या कुंदावहिनी मागीलदारी पातेली घाशीत होत्या. त्यांना विचारलं.

"अगो, मला काय ठाऊक! चांगली पितळी भांडी, सुतळीने एकत्र बांधून टेबलावर मांडलेली. म्हटलं, सुमनने दानाची वेगळी काढून ठेवल्येत. वर चिंच लावून लख्ख केली हो मी!"

"आणि चकत्या?"

"त्या कशाला देऊ? भटजी काय चकल्या पाडणार आहेत?"

मी हसले. की हसल्यासारखं केलं? ते सांगता येणार नाही. कुंदावहिनींनी मात्र हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

नितीन मुंबईला पोचल्यावर त्याला फोनवर सांगितलं. "आई, तशीच भांडी आणून देतो ना. त्यात काय?"

"तशी नकोत."

"मग भटजींकडून मागून घेऊ?"

"दान दिलेलं मागतात का रे?"

"मग काय करायचं म्हणतेस?"

मला एवढंच कळत होतं, की त्या बाईने चपला का काढल्या हे मला हवं आहे. बाकी काही हवंसं वाटत नव्हतं. भूकसुद्धा नाही.

आज दुपारी खालच्या आळीत गेले. भटजी बाहेरगावी होते. त्यांची बायको पीठ चाळत होती. चेहरा तिच्या हातात होता आणि हलत होता.

"काकू, बसा ना. चाळण काय बारीक आहे हो! आमच्याकडे अशी नव्हती."

मी बसले. चहा झाला. मग म्हटलं, "ही संध्याकाळपुरती द्याल? कळशी, रोवळी, पळ्यासुद्धा. उद्या सकाळी आणून देते."

ती गोंधळली. "अहो काकू, पण दान दिलेलं परत..."

"परत नको. उसनं."

"उसनं होय!" ती खळखळून हसली. "मग न्या की. कळशी पाण्यासकट हवी की रिकामी?"

घरी येऊन बांधायला बसले. तुमची गाठ कशी होती? कळशीचा गळा आणि चाळणीची कड यांच्यामध्ये तुम्ही काहीतरी सारायचात. ते मी कधी नीट बघितलं नाही, आणि तुम्ही दाखवलं नाहीत. चेहरा सारखा पडतो. शेवटी कळशी आडवी केली, चाळण भिंतीला टेकवली, पळ्या पुढे सोडल्या. आता ती बसली आहे. तुमची बाई अशी बसली नसती.

तिच्यासमोर बसून मी गोष्ट पुढे सांगून पाहिली, मोठ्याने. चपला काढल्या कारण कातळ तापला होता. पण तापलेल्या कातळावर चपला कोण काढतं? ते सोडून दिलं. मग सांगितलं, जमीन कुठल्या बाजूला सरकते ते तळव्यांना कळावं म्हणून काढल्या. हे जमलं, नाही का? ती रात्रभर अनवाणी बसून राहिली. जमीन सरकली ती तिच्यासकट. उजाडलं तेव्हा ती कुणाच्या तरी कुंपणात होती. मालक बाहेर आला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?"

इथे थांबले. याचं उत्तर मला देता येईना.

सकाळी सगळं घासून नेऊन देईन. भोक पाडणार नाही. संध्याकाळी पुन्हा उसनं मागेन, भटजींची बायको देईल तितके दिवस. तोवर त्या मालकाला मी दारात थांबवून ठेवते.

तुमची,
सुमन