नावाआधीचं वाक्य

४ ऑगस्ट, सोमवार

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

रोजच्यासारखे सहाला पाठाला बसलो होतो, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. आमच्या धर्मग्रंथाचा, तोराचा, या आठवड्याचा भाग म्हणजे देव एकच, त्याच्यावर पूर्ण मनाने प्रेम कर. वाचत मी होते. ‘पूर्ण मनाने’पाशी बाबांनी पुस्तकावर पंजा ठेवला. "थांब. मी लबाडी केलीय."

मला वाटलं, साखरेच्या डब्यात हात घातला असेल! हसलेसुद्धा मी.

"तुझी आई गेली ना, त्यानंतर चार महिने मी ते वाक्य म्हटलं नाही. ओठ मिटून नाव लिहीत गेलो. राग होता माझा त्याच्यावर."

साठ वर्षं ज्यांनी तोराच्या गुंडाळ्या लिहिल्या ते माझे बाबा! कातड्याचं पान, पिसाची लेखणी, आणि देवाचं नाव आलं की दर वेळी थांबायचं. तोंडाने ते वाक्य म्हणायचं, हे नाव मी त्याच्या पावित्र्यासाठी लिहितो आहे. मग टोक टेकवायचं. न म्हणता लिहिलं तर गुंडाळी बाद. बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही. लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आणि कुठली गुंडाळी? आमच्या सिनेगॉगमधली मोठी! सत्तावीस वर्षं दर शनिवारी, शब्बाथच्या प्रार्थनेला, सगळे तिच्यासाठी उठून उभे राहतात.

नंतर बाबा शांतपणे म्हणाले, "चहा दे." मी दिला. आणखी काय करणार होते?

५ ऑगस्ट, मंगळवार

दुकानात एका झग्याला दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या लावल्या. मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, गिऱ्हाईक खेकडा आहे का?" सगळ्या हसल्या. मी उसवत बसले.

आई गेली तेव्हा मी एकवीस वर्षांची. सात दिवसांचा शोक संपला नाही तोच बॅग भरली. देव नाही, घर नाही, काही नाही – असं बाबांच्या तोंडावर बोलून गेले. दोन वर्षं दुसऱ्या शहरात. मग मावशीचं पत्र आलं. ‘तुझे बाबा आठव्या दिवशी लिहायला बसले. बायको गेली, लेक गेली, पण त्यांनी त्याचं नाव सोडलं नाही.’ ते वाचून मी परत आले. देवाशी केलेला करार काय असतो तो मला पुस्तकांनी नाही शिकवला, त्या ओळीने शिकवला.

आणि ती ओळ खोटी!

बाबांनी वाक्य म्हटलं नाही याचा राग नाही. मला सांगितलं याचा आहे. मरेपर्यंत पोटात ठेवायचं होतं की! लाज वाटते असं लिहायला. पण हे खरं आहे.

६ ऑगस्ट, बुधवार

रब्बींना बोलावून घे, म्हणून बाबांनी घर डोक्यावर घेतलं. रब्बी आले. सिनेगॉगचे धर्मगुरू, पण तरुण आहेत, येऊन दोनच वर्षं झालीत. बाबांनी सगळं सांगितलं, अगदी चार महिन्यांचा हिशेब बोटांवर मोजून. दुपारी काय जेवले ते त्यांना आठवत नाही, हे मात्र लख्ख.

रब्बी म्हणाले, "बाबा, नियम जुना आहे. गुंडाळी लिहिणाऱ्याच्या हातून गेली की त्याच्या नुसत्या शब्दावर ती बाद होत नाही. या बाबतीत तुमच्यावर विश्वास ठेवता येत नाही."

बाबा असे भडकले! "जन्मभर माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात. आज खरं बोलतोय तर नाही म्हणता?"

मला वाटलं होतं, ऐकून बाबांना सुटल्यासारखं होईल. उलटंच झालं. गुंडाळी बचावली आणि बाबा अडकले. त्यांची कबुली घ्यायलाच कोणी नाही.

"मला ती एकदा बघू द्या," बाबा म्हणाले. शुक्रवारी सकाळी या, असं ठरलं.

७ ऑगस्ट, गुरुवार

बाबा जेवले नाहीत. "त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने जाऊ?" एवढंच.

८ ऑगस्ट, शुक्रवार

शब्बाथचे दिवे लावायला अर्धा तास आहे. पटपट लिहिते.

बाबांना उठवेना. मी एकटी गेले. किल्ल्या सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या काकांनी कपाट उघडलं, रब्बींनी गुंडाळी टेबलावर उलगडली. मला तिथे काय कळणार? अक्षर बाबांचंच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पण पानं एकमेकांना शिवलेली असतात, आणि शिवण मला कळते! एका पानाच्या कडेला, टाक्यांच्या शेजारी, रिकाम्या भोकांची दुसरी ओळ. इथे एकदा उसवून पुन्हा शिवलंय. पुढे अकरा पानं सोडून परत तसंच. मधल्या अकरा पानांना जुनी भोकं नाहीतच.

"ही पानं नंतर बसवलीत," मी म्हटलं.

रब्बी भोकांवर वाकले. काका म्हणाले, "मग! आधीची अकरा तुझ्या बाबांनी स्वतः नेऊन पुरली. खड्डा मी खणला. ढसाढसा रडत होते. मला वाटलं, बायकोसाठी. पुढे वर्षभर बसून नवीन लिहिली."

"काका, इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"विचारलं कोणी?"

बाबांनी केलं होतं! देवाचं नाव असलेली बाद पानं पुरतात, तशी पुरून सगळं निस्तरलं होतं – आणि तेवढंच विसरले. चूक लक्षात राहिली, प्रायश्चित्त गेलं वाहून. मी रस्त्याने अक्षरशः धावत आले. या वयात! बाबा झोपलेत, उठले की सांगते.

१० ऑगस्ट, रविवार

काल शब्बाथ, लिहिता येत नव्हतं. बरंच झालं.

शुक्रवारी दिवे लावले आणि बाबांना सगळं सांगितलं. दोनदा. ऐकत होते. डोळे भरले. मग एकदम माझं मनगट धरलं. "पुन्हा लिहिली ना मी? मग दुसऱ्या खेपेला ते वाक्य म्हटलं का?"

रब्बींना ठाऊक नाही, काकांना नाही, कुणालाच नाही. ज्या एका माणसाला ठाऊक होतं, तोच मला विचारत होता.

"म्हटलंत," मी म्हटलं. "मी शेजारच्या खोलीत होते. दर वेळी ऐकू यायचं."

"मोठ्याने?"

"मोठ्याने."

बाबा झोपले, पोटभर जेवून. आणि मी? शब्बाथ लागल्या लागल्या, दिव्यांसमोर, धडधडीत खोटं बोलले! तेही कशाबद्दल!

११ ऑगस्ट, सोमवार

पाठाला बसलो. बाबांनी पुस्तक उघडलंच नाही. "त्या वर्षी तू घर सोडून गेली होतीस," म्हणाले. "ते नाही विसरलो मी."

मी पुस्तक उघडायला हात पुढे केला.

"आता खरं सांग. मी म्हटलं असेन, असं तुला वाटतं?"

मी हो म्हटलं. हे खोटं नव्हतं.