बेगड खरवडलेल्या गिटारची निरवानिरव

मी, सुकन्या पुंजाराम लोखंडे, वय बहात्तर, अविवाहित, सेवानिवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार कोल्हार, तालुका राहाता, जिल्हा अहिल्यानगर, हे लिहिताना माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझ्या भावाचे मत वेगळे आहे, पण तो डॉक्टर नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, लाडीगोडीही लावलेली नाही. दमले आहे, एवढेच. यापूर्वीची तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती.

कलम १. कोल्हारचे घर, दोन खोल्या आणि पुढची पडवी, धाकटा भाऊ कल्याण यास द्यावे. जागा वडिलांची, विटा माझ्या पगाराच्या. पडवीचा पत्रा गळतो, हे त्याला सहा वर्षे सांगते आहे. आता स्वतःच्या डोक्यावर गळेल तेव्हा बदलेल.

कलम २. बँकेतील ठेव, मी जिथे शिकले त्या कॉन्व्हेंटच्या मुलींच्या वसतिगृहास द्यावी. चॅपलमधला ऑर्गन ज्या मुलीला वाजवायचा असेल तिला वाजवू द्यावा, घराणे न विचारता. मला सिस्टरनी स्नेहसंमेलनात दुसऱ्या मुलीच्या नोटेशनची पाने उलटायला बसवले होते. त्या सिस्टर वारल्या. मी विसरलेले नाही.

कलम ३. पेडल स्टील गिटार. हे मृत्युपत्र मुख्यतः तिच्यासाठी आहे. माझ्यामागे ती वाजावी, शोभेला उभी राहू नये, एवढीच माझी काळजी आहे.

ती टेबलासारखी चार पायांवर उभी असते. दहा तारा, खाली तीन पेडल, गुडघ्याने ढकलायच्या दांड्या. निवृत्तीनंतर पुण्याच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून मी ती जुनी घेतली. आवाज शाबूत होता, रूप गेले होते. कडेने मोत्याच्या झाकेची पांढरी पट्टी होती, ती जागोजागी सुटलेली. मी ती सावकाश चिकटवणार होते. तेवढ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस नगरला राहावे लागले. कागदावर आता दुसरे नाव आहे, माझ्या जिभेवर नगरच.

पोळा तोंडावर होता. कल्याण बैल घेऊन घोडेगावच्या बाजाराला निघाला, शिंगे साळून, म्हणजे तासून, रंगवायला. त्याच टेम्पोत त्याने माझी गिटार चढवली. मी घरी परत आले तर पट्टीवर शिंगांचा लाल रंग, त्यावर सोनेरी बेगड, आणि चारही पायांना गोंडे.

"अक्का, लई देखणं झालंय," तो म्हणाला. "बाजारात लोक थांबून बघत हुते."

"लोक बैलापाशीही थांबतात, कल्याण. मग दात मोजतात."

"तुजं दुखनं काढून आलीस, म्हनून खूश करायला केलं."

मी त्याला आणखी बरेच बोलले. ते इथे लिहीत नाही. शब्द दिलगिरीलायक होते, पण मत तेच आहे. त्यानंतर दोन वर्षे आम्ही जेवायला एकत्र बसलो नाही.

रंग काढायला मी थिनर लावले. पट्टीच विरघळू लागली, एक कोपरा गेला. ती चूक माझी, आणि ती मी कल्याणला आजवर सांगितलेली नव्हती. आता वाचेलच.

शेवटी बाजारात ज्यांनी बेगड लावली त्या शिंगे रंगवणाऱ्या खाजाभाईंनाच बोलावले. भांडायला.

"बाई, ह्यो बैल न्हाई, ह्ये मला बी दिसत हुतं," ते म्हणाले. "पन तुमचा भाऊ म्हनला, झकपक करा. गिऱ्हाइकाला न्हाई कसं म्हनायचं?"

"आता काढा."

"काढतो. थिनर फेका आदी. शिंग साळतो तसं साळायचं. फुटकी काच आडवी धरायची. उभी धरली की रगत येतं."

दर रविवारी ते यायचे. काचेच्या धारेने रंगाचा भुगा निघायचा, मग तेलाचे बोट. पट्टी पुरी व्हायला चौदा महिने लागले. गेलेल्या कोपऱ्यात त्यांनी शिंगाचा तुकडा घासून बसवला. तो पिवळट आहे. तो कोणीही पांढरा करू नये, हा आदेश आहे.

कलम ४. गिटार खाजाभाईंची मुलगी अल्मास हिला द्यावी. ती नेवाशाला शाळेत शिकवते. वडिलांना न्यायला आली की थांबायची. बाकी सगळ्यांनी मला विचारले, हे कसले टेबल. तिने विचारले, "बाई, कोणत्या पेडलने कोणती तार चढते?" गेली तीन वर्षे ती शिकते आहे. माझा गुडघा आता दांडी ढकलत नाही, म्हणून मी फक्त चुका सांगते. तिला चुका आवडत नाहीत. चांगली वाजवेल.

कलम ५. पुतण्या ओम यास माझे दोन शब्दकोश. त्याला गिटार आपल्या लॉन्सच्या दारात, लायटिंग लावून ठेवायची होती. शब्दकोशांना लायटिंग लावता येत नाही. काचेचे तुकडे, कानस आणि तेलाची बाटली खाजाभाईंना.

कलम ६. गिटार नेवाशाला पोचवायची ती कल्याणने, स्वतः, गोधडीत गुंडाळून. पोचल्यावर अल्मास तारा जुळवून एक चीज वाजवेल. तेवढा वेळ कल्याणने बसावे. गिटार घरी आल्यापासून अकरा वर्षांत त्याने ती चमकते का, एवढेच पाहिले. मी वाजवायला बसले की त्याला गोठ्यात काम निघे.

न बसल्यास घर मिळणार नाही, असे मी आधी लिहिले होते. वकील म्हणाले, तशी अट घालता येईल. मग मीच ती खोडली. अट घालून बसवलेला माणूस ऐकत नाही, घड्याळ बघतो. तेव्हा कल्याण, घर तुझेच आहे. बसायचे की निघायचे, ते तू ठरव. मी विचारायला नसेन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि दोघांसमोर सही केली. दोघांनाही यातून काही मिळत नाही, म्हणूनच त्यांना बोलावले.

सही: सुकन्या पुंजाराम लोखंडे

साक्षीदार:
१. अजिनाथ बाबुराव कडू, शेजारी
२. सविता रमेश निबे, निवृत्त परिचारिका

स्थळ: कोल्हार
दिनांक: १८ जानेवारी २०२६