हरणाचं औषध आणि शेळीची लेंडी

माझ्या पाकिने,

तू मला शेळी दिलीस तेव्हापासून आपण एकमेकांना पाकिने, म्हणजे शेळीच म्हणतो. तुझं खरं नाव आठवायला मला आता डोकं खाजवावं लागतं. गुरं बरी आहेत ना? मुलं? वहिनी? (क्रम चुकला असेल तर वहिनींना सांगू नकोस.) इकडे माणसं ठीक, शेळ्या जंतांनी झुरताहेत. पापणी उलटली तर आत पांढरंफटक, हनुवटीखाली पाणी धरलेलं. बाजारातून औषधाची बाटली आणली, तर तिच्यात औषधापेक्षा पाणीच जास्त.

आणि नशीब बघ, मी नोकरी करतो तीही जंतांचीच, पण हरणांच्या. रानात हरणांचा अभ्यास करणाऱ्यांची छावणी आहे, तिथली डॉक्टरीणबाई अर्ध्या हरणांना पकडून औषध पाजते, अर्ध्यांना मुद्दाम नाही. (फरक बघायचाय म्हणे. आमच्या कुंपणात ये, फुकट दाखवतो.) मी मागे हिंडून त्यांच्या लेंड्या पिशव्यांत भरतो. त्यातला एक नर आपली हद्द सोडत नाही. तिथेच ढीग घालतो, तिथेच चरतो, पोटभर जंत गिळतो आणि वर छाती काढून उभा राहतो. (तुझ्या थोरल्या भावाला नमस्कार सांग.) मी एक बाटली मागितली, तर बाई म्हणाली, "पारमुआत," (ती मला खऱ्या नावानेच हाक मारते) "हे फक्त रानातल्या जनावरांसाठी आहे."

घरी बायकोला सांगितलं. नालोतुएशा म्हणाली, "खूण शेळीच्या कानाला असते, लेंडीला कुठे असते? आपल्या शेळीची घाला त्या नराच्या पिशवीत. एवढे जंत बघून औषध घेऊन धावत येतील इकडे, त्यातलं थोडं आपल्या शेळ्यांच्याही वाट्याला येईल."

धावतच आले. बाईचा आनंद गगनात मावेना, कारण हरणाच्या पोटात शेळीचे जंत सापडले होते. म्हणजे तिच्या मते माझ्या शेळ्यांनीच त्याला जंत लावले. निकाल असा की नराला पुन्हा औषध आणि माझ्या शेळ्यांना त्या कुरणात बंदी. आपल्या वडीलधाऱ्यांनीही माना डोलावल्या. खरं सांगावं तर नोकरी जाते, न सांगावं तर गवत जातं. त्याला औषध पाजताना पाय मीच धरले होते. राग येतो रे, पण काढायचा कुणावर?

तुझा,
पाकिने

ता. क. पाऊस येईपर्यंत माझ्या शेळ्या तुझ्या कुरणात येऊ देशील का? जंत घेऊनच येतील, लपवत नाही. खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. आणखी एक. तू दिलेली शेळी त्यांच्यात नसेल. पिशवीत लेंडी तिचीच घातली होती. काल गेली. हाक मात्र तीच राहू दे.