हलवलेली नळी

मंगळवार, ७ मे १९७४, विश्रामबाग

आज डेअरीत मी परीक्षानळी हलवली. एकदाच.

मामांच्या कॅनमधल्या दुधात घातलेला निळा रंग अर्ध्या तासात उडाला. म्हणजे दूध जिवाणूंनी भरलेलं. त्यांच्या श्वसनातले इलेक्ट्रॉन रंगाला मिळाले की तो पांढरा पडतो. नळी हलवायची नाही, हे मीच नव्या मुलींना शिकवते. हलवली की हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि निळा परत येतो.

तेवढ्यात मामा खिडकीशी आले. माझ्या कॉलेजची फी यांनीच भरलेली. मी नळी हलवली.

"निळंच हाय की गं."

"व्हय, मामा." रजिस्टरात 'पास' लिहिलं. कॅन टाकीत रिकामा झाला.

का केलं मी? त्यांनी काही मागितलंसुद्धा नव्हतं. दूध तापवतात, जिवाणू मरतात, हे दहादा मनाशी म्हणून झालं. मग संध्याकाळी ह्यांना का सांगितलं, की उद्या बेबीला डेअरीचं दूध नको?

शेजारच्या वहिनींचं बाळ तेच दूध पितं. मघाशी त्या उद्याच्या दुधासाठी रिकामी बाटली धुऊन दारात ठेवत होत्या. मी बेबीला कडेवर घेऊन आत आले.